माउसला हात न लावता फाइल उघडा

कोड लिहायच्या एडिटरमध्ये डावीकडच्या यादीत फोल्डरमागून फोल्डर उलगडत फाइल शोधत असाल, तर आजपासून ते बंद करा. व्हीएस कोड आणि सब्लाइम टेक्स्ट या दोन्ही एडिटरमध्ये कंट्रोल आणि पी एकत्र दाबा (मॅकवर कमांड आणि पी). एक छोटी चौकट उघडेल, तिथे फाइलचं नाव टाइप करायला लागा.

पूर्ण नाव लिहायची गरज नाही, हीच यातली खरी गंमत. समजा फाइल आहे ‘इन्व्हॉइस-प्रिंट-सेटिंग्ज’. नुसतं आय, पी, एस टाइप केलंत तरी ती यादीत दिसते, बहुतेक वेळा अगदी वरच. एकाच नावाच्या फाइली अनेक ठिकाणी असतील, तर आधी फोल्डरच्या नावाची दोन-तीन अक्षरं लिहा. मग एंटर.

नावापुढे कोलन देऊन आकडा लिहिला, म्हणजे शेवटी :120 असं, की फाइल थेट 120व्या ओळीवर उघडते. एरर मेसेजमध्ये ओळीचा क्रमांक दिलेला असतो, तेव्हा हे फार कामी येतं. व्हीएस कोडमध्ये एंटरऐवजी उजवा बाण दाबला तर फाइल मागे उघडते आणि चौकट तशीच राहते. चार-पाच फाइली एका दमात उघडता येतात.

मात्र सुट्या फाइली उघडून बसलात तर याचा फारसा उपयोग नाही. प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर एडिटरमध्ये उघडा, तरच त्यातल्या सगळ्या फाइली शोधात येतात.