दुभागणाऱ्या हृदयधमनीतील अडथळा : प्रोव्हिजनल स्टेंटिंग कसे करावे

हृदयधमनी जेथे दुभागते तेथील अडथळ्यासाठी बहुतेक वेळा मुख्य वाहिनीत एकच स्टेंट बसवावा आणि उपशाखेत दुसरा स्टेंट गरज भासली तरच घालावा; यालाच प्रोव्हिजनल स्टेंटिंग म्हणतात. प्रथम मेदिना वर्गीकरणानुसार (अडथळा दुभागणीच्या कोणत्या भागांत आहे हे सांगणारी पद्धत) उपशाखेपूर्वीचा मुख्य भाग, तिच्या पुढचा मुख्य भाग आणि उपशाखेचे मुख हे तिन्ही तपासावेत. दोन्ही वाहिन्यांत गाइडवायर (बलून व स्टेंट नेण्यासाठीची बारीक तार) घातल्यावर स्टेंटचा व्यास उपशाखेच्या पुढील मुख्य वाहिनीनुसार निवडावा, कारण स्टेंट त्याहून मोठा घेतल्यास कॅरिना (दोन वाहिन्या वेगळ्या होतात तेथील कड) सरकून उपशाखेचे मुख अरुंद होते.

असा स्टेंट मुख्य वाहिनीच्या उपशाखेपूर्वीच्या रुंद भागात सैल राहतो. म्हणून तेथील व्यासाचा छोटा बलून, त्याचे पुढचे टोक कॅरिनाच्या अगदी अलीकडे ठेवून, फुगवावा. ही पायरी, म्हणजे पॉट (प्रॉक्सिमल ऑप्टिमायझेशन टेक्निक), मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती वगळल्यास पुढची वायर स्टेंट आणि धमनीची भिंत यांच्यामधून जाण्याचा धोका राहतो.

उपशाखेतील प्रवाह मंदावला, तर कॅरिनाजवळच्या जाळीच्या छिद्रातून नवी वायर न्यावी, स्टेंटमागे अडकलेली वायर जपून काढावी, दोन्ही वाहिन्यांत बलून ठेवून ते एकत्र फुगवावेत आणि पुन्हा पॉट करावे. मात्र केवळ अँजिओग्रामवर मुख अरुंद दिसते म्हणून घाई करू नये. एफएफआर (अडथळ्याच्या अलीकडील व पलीकडील रक्तदाबाचे गुणोत्तर) मोजल्यास असे अनेक अडथळे प्रत्यक्षात प्रवाह रोखत नसल्याचे आढळते.

डाव्या मुख्य धमनीच्या दुभागणीत दोन्ही शाखा रोगट असतील, तर दोन स्टेंटच्या डीके क्रश पद्धतीचा (उपशाखेतील स्टेंटचा मुख्य वाहिनीत आलेला भाग चेपून, दोन्ही बलून दोनदा एकत्र फुगवण्याची पद्धत) विचार सुरुवातीलाच करावा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीकेक्रश-५ चाचणीत उपचार केलेल्या अडथळ्याच्या जागी वर्षभरातील अपयशाचे (हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार) प्रमाण या पद्धतीत ५ टक्के, तर प्रोव्हिजनलमध्ये १०.७ टक्के होते.