रूट दिसतोय, पण पिंग जाईना

सांगलीत विश्रामबागला रूम करून नेटवर्किंग शिकणारी पोरं अडली की फोन करतात. बीजीपीपर्यंत (वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायचा प्रोटोकॉल) पोचलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "दादा, टेबलात रूट दिसतोय, पण पिंगच जाईना." म्हणजे राउटरच्या यादीत वाट आहे, पण तपासणीच्या पॅकेटला उत्तर येत नाही. आणि मग सगळे बीजीपीचीच कॉन्फिग खोडत बसतात. दुखणं बऱ्याचदा बीजीपीच्या खाली असतं.

लॅब अशी लावा. सातारा, कराड, सांगली, मिरज असे चार राउटर एका रांगेत, सगळे एएस ६५००१ मध्ये, म्हणजे एकाच मालकाच्या नेटवर्कात. आर-वन, आर-टू असली नावं देऊ नका. रात्री अकरानंतर कोण कुठं आहे तेच कळत नाही. आत ओएसपीएफ (नेटवर्कच्या आतल्या वाटा शोधणारा प्रोटोकॉल), त्यात सगळ्यांचे लूपबॅक (कुठल्याही एका लिंकवर न अवलंबणारा राउटरचा पत्ता). बाहेरचा प्रोव्हायडर फक्त साताऱ्याला, २०३.०.११३.१ वरून जोडलेला. फुकटात करायचं तर एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर पुरतं.

दोन राउटरांमधलं बीजीपी सेशन लूपबॅकवरून उभं करायचं, म्हणजे एक लिंक पडली तरी दुसरी वाट असेल तर तिच्यावरून टिकतं. त्यासाठी दोन्हीकडे अपडेट-सोर्स (सेशन कुठल्या पत्त्यावरून करायचं ते सांगणारी ओळ) लागतो. बीजीपीच्या समरीत ॲक्टिव्ह दिसत असेल तर सेशन उभं नाही. उभं राहिलं की तिथं मिळालेल्या रूटचा आकडा येतो. ॲक्टिव्हवरच अडकलं तर आधी लूपबॅकवरून समोरच्या लूपबॅकला पिंग, मग टीसीपी १७९ (बीजीपीचा पोर्ट) मध्ये कुणी अडवतंय का ते बघा.

आता मुख्य गोष्ट. प्रोव्हायडरकडून १९८.५१.१००.०/२४ आला आणि साताऱ्याने तो सांगलीला दिला. देताना नेक्स्ट-हॉप (पॅकेट पुढं ज्याच्याकडे द्यायचं तो पत्ता) बदलला नाही, आयबीजीपीत, म्हणजे एकाच एएसच्या आतल्या बीजीपीत, तो आपोआप बदलतच नाही. सांगलीच्या टेबलात नेक्स्ट-हॉप म्हणून २०३.०.११३.१ आला आणि हा पत्ता सांगलीच्या ओएसपीएफला माहीतच नाही. सिस्कोवर त्या ओळीत चांदणी असते, पण बेस्टचा बाण नसतो. तो एकच रूट उघडून बघितला की 'इनॲक्सेसिबल' लिहिलेलं सापडतं. म्हणून माझी सवय अशी, की रूट दिसला की आधी त्याचा नेक्स्ट-हॉप उचलायचा आणि त्याचाच रूट शोधायचा. उपाय दोन: साताऱ्यावर आतल्या शेजाऱ्यांसाठी नेक्स्ट-हॉप-सेल्फ (नेक्स्ट-हॉप म्हणून स्वतःचाच पत्ता देणं), नाहीतर बाहेरची लिंक पॅसिव्ह (तिच्यावर ओएसपीएफचा शेजारी न जोडता) करून ओएसपीएफमध्ये. मी पहिलाच करतो. परक्याचा सबनेट आपल्या घरात कशाला?

एवढं करूनही पिंग जात नाही आणि ट्रेसराउट (पॅकेट कुठंवर पोचतं ते दाखवणारी कमांड) कराडच्या पुढं सरकत नाही, असं झालं तर कराडवर बीजीपी आहे का ते विचारा. सातारा-सांगली सेशन कराडवरून आरपार जातं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण पॅकेट कराडला पोचल्यावर त्याला १९८.५१.१००.० कुठं ते ठाऊक नसतं, तो ते टाकून देतो. यावर बीजीपीचे रूट ओएसपीएफमध्ये ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लॅबमध्ये खपेल, पण पूर्ण इंटरनेटचं टेबल दहा लाखांच्या आसपास आहे. कराडवरही आयबीजीपी चालवा, किंवा पुढे एमपीएलएस (लेबल लावून पॅकेट पाठवायची पद्धत) शिका.

मिरजेला रूटच आला नाही तर कारण वेगळं. एका आयबीजीपी शेजाऱ्याकडून आलेला रूट दुसऱ्याला दिला जात नाही, म्हणून प्रत्येकाचं प्रत्येकाशी सेशन हवं. चार राउटरना सहा सेशन, दहांना पंचेचाळीस. तिथं रूट रिफ्लेक्टर येतो, म्हणजे एकाकडून आलेले रूट बाकीच्यांना देणारा राउटर. मात्र रिफ्लेक्टरही नेक्स्ट-हॉपला हात लावत नाही, त्यामुळे नेक्स्ट-हॉप-सेल्फ साताऱ्यावरच राहू द्या. पुण्याच्या इंटरव्ह्यूत हे हमखास विचारतात.

शेवटी परतीची वाट. साधं पिंग मारलं की सोर्स म्हणून बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता लागतो आणि प्रोव्हायडरला तो माहीत नसतो. पॅकेट पोचतं, उत्तर परत येत नाही. म्हणून बीजीपीत जाहीर केलेल्या लॅनचा सोर्स देऊनच पिंग करा. तरीही गप्प असेल तर बीजीपी कॉन्फिगच्या नेटवर्क ओळीतला मास्क राउटिंग टेबलातल्या मास्कशी जुळवून बघा. टेबलात /२४ आणि ओळीत /२३ असेल, तर सिस्को तो रूट जाहीरच करत नाही.