कुळे घाटात वाफेच्या इंजिनाचा शनिवार-रविवार

छायाचित्रकारांसाठी वाफेच्या इंजिनाची विशेष फेरी योजताना सर्वप्रथम दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची लेखी परवानगी घ्यावी. फेरी गोव्यातील कुळ्याहून कर्नाटकातील कॅसलरॉककडे चढती ठेवावी, कारण १:३७ च्या (म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर उंची गाठणाऱ्या) चढावर इंजिनाला खरे बळ लावावे लागते आणि धूर, वाफ व आवाज तिथेच खुलतात; उतारावर ही मजा नाही. थंड बॉयलर घाईने तापवू नये, आदल्या संध्याकाळीच मंद आग लावावी. पावसाळ्यानंतरची गार पहाट निवडावी, म्हणजे वाफ दाट व पांढरी दिसते. छायाचित्रकारांना रुळांपासून दूर, आखलेल्या जागीच उभे करावे आणि विजेच्या तारांखाली ट्रायपॉड उंचावू देऊ नये. याबाबत कोणाचीही भीड बाळगू नये.