स्ट्रॅटेजी गेमचं स्टीम कव्हर: आधी १२० पिक्सेलवर बघा

अख्खा नकाशा, चार सैन्यं आणि वर किल्ला, एवढं सगळं कव्हरवर कोंबलं की स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या शोधयादीत नुसती तपकिरी गिचमिड दिसते.

१. रंगकाम सुरू करण्याआधीच कच्चं रेखाटन १२० × ४५ पिक्सेलवर आणून बघा. स्मॉल कॅप्सूलमधून, म्हणजे याद्यांत दिसणाऱ्या छोट्या कव्हरमधून, स्टीम हा आकार आपोआप बनवतं.

२. स्मॉल कॅप्सूल (४६२ × १७४) जवळपास नावानेच भरा. मागे एकच शांत रंग पुरतो.

३. हेडरमध्ये (गेमच्या पानावर वर दिसणारं कव्हर, ९२० × ४३०) एक ठळक आकृती आणि गेमचा प्रकार सांगणारी एकच खूण ठेवा. नकाशाची षटकोनी घरं दाखवायची असतील तर तीन-चारच, पण मोठी. पन्नास काढलीत तर लहान आकारात त्यांची जाळी नुसती धूसर दिसते.

४. चित्र कृष्णधवल करून बघा. नाव मागच्या करड्यात विरघळलं तर नावामागचा भाग गडद करा. अक्षरांची बाह्यरेषा जाड करू नका. त्याने ‘ब’, ‘व’सारख्या अक्षरांची पोटं बुजतात आणि नाव आणखीच वाचेनासं होतं.

सावधान: पुरस्कार, रिव्ह्यूचे तारे, ‘५०% सूट’ असलं काही कव्हरवर लिहू नका. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमवर कव्हरला फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं.