पेडल पुन्हा पुन्हा खाली का जाते? जुन्या गाडीच्या ब्रेकदुरुस्तीचा एक अनुभव

जुन्या गाडीचे ब्रेक दुरुस्तीला आले की नव्या मेकॅनिकचा हात आधी ब्लीडिंगच्या (ऑइलमधली हवा बाहेर काढण्याच्या) निपलकडे जातो आणि तिथे काही हाती लागले नाही, तर मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा मुख्य सिलेंडर, बदलायचे ठरते. मला सांगायचे आहे ते असे, की दोष सिस्टीमच्या कोणत्या भागात आहे हे नक्की होईपर्यंत एकही सुटा भाग मागवू नये. हे पटवून देण्यासाठी मी एका गाडीचा अनुभव नेहमी सांगतो. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक होते, एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हते आणि आमच्याकडे येण्यापूर्वीच तिचा मास्टर सिलेंडर, मागचे दोन्ही व्हील सिलेंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारे लहान सिलेंडर) आणि ब्रेक ऑइल हे सगळे बदलून झालेले होते.

गाडीमालकाची तक्रार अशी होती की दुरुस्तीनंतर पेडल चांगले लागते, पण गाडी काही काळ चालली की ते पुन्हा खोल जाऊ लागते आणि दुसऱ्यांदा दाबल्यावरच वर येते. अशी तक्रार शब्दशः लिहून घ्यावी, कारण पेडलच्या वागण्यातूनच अर्धे निदान होते. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर ऑइलमध्ये हवा असते किंवा जुना होज पाइप (चाकाकडे ऑइल नेणारी रबरी नळी) दाबाखाली फुगत असतो. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतले सील दाब धरत नसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मात्र पेडल बरेच खाली जाऊन तिथे टणक लागत असेल आणि लगेच पुन्हा दाबल्यावर उंच येत असेल, तर मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढल्याचा संशय आधी घ्यावा. या गाडीचे पेडल तिसऱ्या प्रकारचे होते.

संशय पडताळण्याची एक सोपी चाचणी आहे आणि तिला एकही पाना लागत नाही. हँडब्रेक मागच्या शूवर काम करणारा असेल, तर तो पूर्ण ओढावा आणि मग पेडल दाबून पाहावे. पेडल एकदम उंच लागले तर अंतर मागच्या शूमध्येच आहे, कारण हँडब्रेकने शू आधीच ड्रमला टेकवलेले असल्यामुळे तेवढी जागा भरायला ऑइल लागत नाही. काहीच फरक पडला नाही, तर शोध दुसरीकडे न्यावा. आमच्या गाडीचे पेडल निम्म्याहून अधिक वर आले. याचा अर्थ, त्या गाडीवर तोवर झालेला सगळा खर्च चुकीच्या जागी झालेला होता.

ड्रम उतरवल्यावर पाहिले तर लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, जाड होते, व्हील सिलेंडर कोरडे होते, स्प्रिंगा जागच्या जागी होत्या. वरवर पाहणाऱ्याने ड्रम परत चढवला असता. दोष सेल्फ-अॅडजस्टरमध्ये होता. दोन शूंच्या मध्ये बसणाऱ्या या स्क्रूवर दातेरी चाक असते. लायनर झिजत जाते तसे एक लहान लिव्हर ते चाक एकेक दात पुढे फिरवते आणि स्क्रूची लांबी वाढून शू ड्रमच्या जवळ राहतात. अशा अॅडजस्टरमध्ये गाडीच्या एका बाजूचे आटे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे असतात. व्हील सिलेंडर बदलताना कोणीतरी दोन्ही बाजू एकदम उघडल्या असाव्यात, कारण डावा स्क्रू उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलेला होता. त्यामुळे लिव्हर आपले काम चोख करत होता, पण प्रत्येक वेळी स्क्रू लांब होण्याऐवजी आखूड होत होता. वर्कशॉपमध्ये हाताने अॅडजस्टमेंट केली की पेडल उंच लागायचे आणि गाडी चालली की यंत्रणाच ती अॅडजस्टमेंट सैल करायची. तक्रारीतले ‘पुन्हा’ इथून येत होते. म्हणूनच ड्रम ब्रेकच्या कामात एका वेळी एकच बाजू उघडावी, दुसरी नमुन्यासाठी तशीच ठेवावी, असा आमच्याकडे दंडक आहे.

ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. धूळ ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून काढावी.

याच गाडीचे पुढचे एक चाक चालल्यानंतर गरम होऊन जड फिरत होते. अशा वेळी कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पकडणारा भाग) बदलण्याची घाई होते, परंतु आधी दाब कुठे अडकतो ते शोधावे. गाडी स्टँडवर घ्यावी, पेडल दाबून सोडावे आणि चाक अडकलेले असतानाच कॅलिपरचा निपल किंचित उघडावा. चाक तरीही सुटले नाही तर दोष यांत्रिक आहे. पिस्टन किंवा स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) गंजलेली असते. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर आत दाब कोंडलेला होता हे सिद्ध होते. मग निपल बंद करून तोच प्रयोग पुन्हा करावा आणि या वेळी होज पाइपच्या वरच्या टोकाचा, म्हणजे धातूच्या नळीकडचा जोड सैल करावा. तिथे सैल करूनही चाक अडकलेलेच राहिले, तर होज आतून बंद झालेला आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतले रबर सुटून झडपेसारखे काम करते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परत मात्र येत नाही. वरच्या जोडावर चाक सुटले तर होज निर्दोष ठरतो आणि मास्टर सिलेंडर, विशेषतः त्याच्या पुशरॉडचा (पेडलचा जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, तपासावा लागतो. इथे होजच निघाला. होज बदलताना दोन्ही बाजूंचे बदलावेत, कारण त्यांचे वय सारखेच असते.

गंजलेल्या निपलवर बारा कोनी पाना लावू नये. सहा कोनी सॉकेट वापरावा आणि त्याआधी गंज सोडवणारे तेल पुरेसा वेळ मुरू द्यावे. ऑइल नेहमी सीलबंद डब्यातलेच घ्यावे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर हवेतला ओलावा शोषल्यानंतरची त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. उघडा राहिलेला डबा म्हणूनच टाकून द्यावा. जुन्या मास्टर सिलेंडरवर ब्लीडिंग करताना पेडल तळापर्यंत नेऊ नये, कारण एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागातल्या गंजाने सील फाटते आणि नवाच दोष निर्माण होतो.

हँडब्रेकच्या केबलला सर्वांत शेवटी हात लावावा. आधी केबल सैल ठेवून शूची अॅडजस्टमेंट पूर्ण करावी, ब्लीडिंग करून पेडलची उंची पाहावी आणि त्यानंतरच केबल ताणावी. केबल आधीच ताणली तर शूवरचा हँडब्रेकचा लिव्हर जागेवर परत येत नाही आणि अनेक गाड्यांमध्ये सेल्फ-अॅडजस्टर काम करणे थांबवतो. चाचणी फेरीनंतर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी, ड्रमला किंवा डिस्कला स्पर्श मात्र करू नये, आणि थोडे अंतर चालल्यावर पेडलची उंची पुन्हा मोजण्यासाठी गाडी परत बोलवावी.