रिफंडेबल तिकिटावर लाउंज? मराठवाड्यातून निघणाऱ्यांनी लाउंज वापरायची खरी पद्धत

पूर्ण परतावा मिळणारं महागडं तिकीट काढायचं, बोर्डिंग पास घेऊन आत जायचं, लाउंजमध्ये म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षात जेवायचं, सोफ्यावर पडायचं आणि निघताना तिकीट रद्द करून पैसे परत घ्यायचे. ही युक्ती अधूनमधून मोबाइलवर फिरत असते. ती करू नका. त्यात फसवणूक आहे, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर ती जमण्यासारखीही नाही.

लाउंजला चालू बोर्डिंग पास लागतो. बोर्डिंग पास काढला की चेक-इन झालं. चेक-इन झालेलं तिकीट तसंच रद्द होत नाही, आधी चेक-इन काढून घ्यावं लागतं. शिवाय तिकीट रद्द करायची मुदत उड्डाणाच्या काही तास आधीच संपते, आणि बहुतेक लाउंज तर उड्डाणाच्या दोन-तीन तास आधीच आत घेतात. म्हणजे जेवण सुरू होईपर्यंत परताव्याची वेळ टळलेली असते. पुढे विमान निघून गेलं की तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे न आलेला प्रवासी, ठरता आणि मूळ भाडं बुडू शकतं.

दुसरी अडचण बाहेर पडण्याची. सुरक्षा तपासणी ओलांडलेला प्रवासी ‘मला जायचं नाही’ म्हणून आल्या दाराने परत जाऊ शकत नाही. विमान कंपनीचा माणूस यावा लागतो, बोर्डिंग पास रद्द करावा लागतो, नोंद होते. बॅग आत गेली असेल तर ती शोधून उतरवावी लागते आणि त्यापायी विमानातल्या सगळ्यांचा खोळंबा होतो. आंतरराष्ट्रीय बाजूला पासपोर्टवर बसलेला इमिग्रेशनचा शिक्काही रद्द करून घ्यावा लागतो. महिन्यात दोनदा असं केलं तर सुरक्षा दलाचा जवान प्रश्न विचारणारच, आणि तुमच्याकडे धड उत्तर नसेल.

परदेशात हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलेलं आहे. जर्मनीत एका प्रवाशाने म्युनिक-झुरिकचं बदलता येणारं तिकीट काढलं आणि तारीख पुढे ढकलत ढकलत वर्षभरात 36 वेळा लाउंज वापरला. 2014 साली म्युनिकच्या न्यायालयाने त्याला 1,980 युरो भरायला लावले, म्हणजे दर भेटीचे 55 युरो. सिंगापूरमध्ये तर प्रवास करायचा नसताना बोर्डिंग पासवर आत शिरणं हाच गुन्हा आहे. 20 हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एवढं सगळं एका पोह्याच्या बशीसाठी? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मात्र लाउंजची गरज खरी आहे, आणि ती आपल्याकडे जास्तच आहे. हिंगोलीहून किंवा परभणीहून निघालेला माणूस देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरतो आणि त्याचं दुबईचं विमान मध्यरात्रीनंतर असतं. सोबत आई-वडील, दोन लेकरं, सामानाचे सहा डाग. अशा वेळी दोन-तीन तास बसायला नीट जागा, गरम जेवण आणि स्वच्छ संडास मिळणं ही चैन नाही.

आधी विमानतळ आणि टर्मिनल पक्कं करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून चालणार नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटतात. BOM लिहिलं असेल तर जुनं विमानतळ, NMI असेल तर नवी मुंबई. जुन्या विमानतळावर टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 यांच्यात रस्त्याने काही किलोमीटरचं अंतर आहे, आतून एका टर्मिनलमधून दुसऱ्यात जाता येत नाही. विमान टर्मिनल 1 चं आणि लाउंज टर्मिनल 2 मधला पाहून ठेवलेला, असं झालं तर त्या लाउंजचा काही उपयोग नाही.

तीच गोष्ट देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय बाजूची. हैदराबादला, म्हणजे शमशाबादला, दोन्ही एकाच छताखाली आहेत, पण देशांतर्गत प्रवाशाला आंतरराष्ट्रीय बाजूच्या लाउंजमध्ये जाता येत नाही. नांदेड, देगलूर, उदगीर, निलंगा या पट्ट्यातल्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. परदेशी जायचं असेल तर आधी हैदराबादहून निघणारी विमानं बघा. एका टर्मिनलमुळे म्हाताऱ्या माणसांची पायपीट बरीच वाचते.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा नांदेडच्या विमानतळावर लाउंज मिळेलच असं धरून निघू नका. ही छोटी टर्मिनल आहेत. घरून डबा घेऊन निघा. पोळी-भाजी, दशम्या, शेंगदाण्याची सुकी चटणी देशांतर्गत विमानाच्या हँडबॅगेत चालते. पातळ वरण, लोणच्याचं तेल, दही हे मात्र तपासणीत अडकतं.

कार्डावर प्रवेश: फुकट आहे, पण अटींसह

बऱ्याच लोकांच्या खिशात लाउंज देणारं कार्ड असतं आणि त्यांना ते माहीत नसतं. रुपेची वरच्या दर्जाची डेबिट कार्डं, बँकांची मधल्या-वरच्या दर्जाची क्रेडिट कार्डं, यांवर सहसा तिमाहीला एक-दोन देशांतर्गत भेटी असतात. तिमाही म्हणजे बहुधा कॅलेंडरची: जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, अशी. 28 मार्चला वापरलं आणि 3 एप्रिलला परत वापरलं तर दोन वेगळ्या तिमाह्या धरल्या जातात. लग्नसराईत जाता-येता प्रवास असेल तर तारखा ठरवताना हे लक्षात ठेवा.

आता खर्चाची अट बघा. अलीकडच्या काही वर्षांत अनेक बँकांनी ‘आधीच्या तिमाहीत इतका खर्च केला तरच’ अशी अट घातली आहे. आयसीआयसीआय बँकेने अनेक क्रेडिट कार्डांवर एप्रिल 2024 पासून 35 हजारांची अट आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती 75 हजारांवर नेली. म्हणजे मे महिन्यात जायचं असेल तर खर्च जानेवारी-मार्चमध्ये झालेला हवा, एप्रिलचा खर्च त्यात धरला जात नाही. बी-बियाणं, खत, शाळेची फी असे मोठे खर्च कार्डाने करणार असाल तर ते प्रवासाच्या आधीच्या तिमाहीत बसतात का ते पाहा. पण नुसत्या लाउंजसाठी खर्च वाढवू नका, आणि बिल एक दिवसही थकवू नका. कार्डावरचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं, त्यात कितीतरी जेवणं बुडतात.

आणखी एक बदल अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला नाही. ड्रीमफोक्स या बँका आणि लाउंज यांच्यातल्या मोठ्या मध्यस्थ कंपनीने 16 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. आता अनेक बँका ॲपमधून व्हाउचर किंवा क्यूआर कोड देतात. म्हणून ‘मागच्या साली इथंच कार्ड घासलं होतं’ हा हिशेब धरू नका. प्रवासाच्या चार दिवस आधी बँकेच्या ॲपमध्ये लाउंज शोधा, तुमच्या टर्मिनलचं नाव यादीत आहे का बघा, व्हाउचर लागत असेल तर घरीच काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. विमानतळावर नेट रेंगाळतं.

काउंटरवर काय होतं

तिथली मुलगी बोर्डिंग पास आणि कार्ड मागते. कार्ड मशीनमध्ये घालून बहुतेक वेळा ₹2 ची रक्कम टाकते. ती फक्त कार्ड चालू आहे का हे बघण्यासाठी. मशीनने होकार दिला की चिठ्ठी निघते, सही करायची, आत जायचं.

हे दोन रुपयेच अडतात. आपण सगळे यूपीआयवर आलो आहोत, त्यामुळे डेबिट कार्डाचा मशीनवरचा वापर ॲपमध्ये बंदच राहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय बाजूच्या लाउंजला कधी आंतरराष्ट्रीय वापर चालू असावा लागतो. खात्यात शिल्लक नसेल, पिन विसरला असेल, नवं कार्ड एकदाही वापरलेलं नसेल, तरी मशीन नकार देतं. म्हणून आदल्या दिवशी गावातल्या किराणा दुकानात किंवा पेट्रोल पंपावर त्याच कार्डाने पिन टाकून एकदा पैसे भरा. तिथे चाललं तर पिनची आणि चालू-बंदची काळजी मिटली.

कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकाच माणसाचं हवं. मुलाचं कार्ड घेऊन वडील जाऊ शकत नाहीत. एका कार्डावर एक माणूस, असंच धरून चला. दोन वर्षांखालच्या लेकराला सहसा पैसे पडत नाहीत, त्यापुढच्या मुलांचे पडतात. किती ते आत शिरण्याआधी विचारा.

प्रायॉरिटी पासच्या बाबतीत नीट जपा. क्रेडिट कार्डासोबत आलेला हा लाउंज-सदस्यत्वाचा पास बऱ्याचदा फक्त परदेशातल्या लाउंजसाठी मोफत असतो. भारतात तोच दाखवला की माणशी 30 डॉलरच्या आसपास रक्कम महिनाअखेरीच्या बिलात येते, वर जीएसटी. भारतात मूळ क्रेडिट कार्ड द्या, परदेशात पास द्या. पाहुण्यांचे पैसे सहसा दोन्हीकडे लागतात.

कार्ड नसेल तर रोख किंवा यूपीआय देऊन आत जाता येतं. देशांतर्गत बाजूला माणशी साधारण हजार ते दोन हजार पडतात. दोघांना पोटभर जेवायचं असेल आणि हातात दोन तास असतील तर विचार करण्यासारखं आहे. चौघांना 40 मिनिटांसाठी अजिबात नाही. अर्ध्या तासात तर रांगच संपत नाही. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी गर्दी दारापर्यंत असते, कार्ड असूनही थांबवतात. आत गेलात तरी बोर्डिंगची वेळ स्वतः बघत राहा, बऱ्याच लाउंजमध्ये घोषणा होत नाही. गेट उड्डाणाच्या 20-25 मिनिटं आधी बंद होतं.

दिवसभराचा प्रश्न लाउंजने सुटत नाही. सकाळी सीएसएमटीला उतरून रात्रीचं विमान असेल तर रेल्वे स्टेशनवरच्या पैसे देऊन बसायच्या वातानुकूलित प्रतीक्षागृहात थांबा, किंवा काही तासांसाठी खोली घ्या. त्याहून बरं म्हणजे जालना-संभाजीनगरवरून दुपारी मुंबईत पोचणारी वंदे भारत धरा.

रिफंडेबल तिकीट खरंच कधी घ्यावं

व्हिसा हातात आलेला नाही, घरात कुणी दवाखान्यात आहे, कोर्टाची तारीख बदलू शकते, अशा वेळी घ्या. आधी दोन भाड्यांतला फरक बघा. साधं तिकीट रद्द करायला लागणाऱ्या रकमेपेक्षा तो फरक जास्त असेल तर साधंच बरं. बुकिंग साइटवरचं ‘झिरो कॅन्सलेशन’ म्हणजे रिफंडेबल तिकीट नव्हे. ती वेगळी जोडणी असते, तिला स्वतःची मुदत आणि वरची मर्यादा असते.

आणि स्वस्तातलं तिकीट वाया गेलं तरी सगळं सोडून देऊ नका. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त रद्द-शुल्क कंपनीला लावता येत नाही. विमान चुकलं तरी विमानतळाचं वापर-शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरीही. कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून रिफंडचा अर्ज करा. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परत यायला हवेत. एजंटकडून काढलं असेल तर त्याच्यामागे लागा, कारण पैसे आधी त्याच्याकडे जमा होतात.