स्वच्छ पानाला भुलू नका: गव्हातली तांबेऱ्याची प्रतिकारशक्ती कशी ओळखायची

तांबेरा म्हणजे पानाखोडावर विटकरी पुटकुळ्या आणणारा बुरशीचा रोग. त्याला दाद न देणारा गहू निवडायचा तर आधी रोग आणावा लागतो. रोग आलाच नाही तर सगळेच वाण निरोगी दिसतात. म्हणून वाफ्यांच्या कडेने आणि मधूनमधून हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरा. त्या ओळीतलं पान मी दोन बोटांत धरून अलगद ओढतो. बोटं विटकरी झाली नाहीत तर त्या दिवशी वही उघडत नाही.

पहिली परीक्षा रोपांची. सातव्या-आठव्या दिवशी पहिलं पान पूर्ण उघडलं की तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे बुरशीची बियांसारखी पूड, फवारा. रात्रभर पानावर दव टिकेल अशा दमट, अंधाऱ्या जागी ठेवा, मग उजेडात, साधारण २० अंशांवर. फवारल्यापासून बाराव्या ते चौदाव्या दिवशी भिंग घेऊन बसा. खोडाच्या तांबेऱ्यासाठी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांची ० ते ४ ही मोजपट्टी वापरतात. बारीक पुटकुळी आणि तिच्याभोवती मेलेल्या पेशींचं कडं दिसलं तर १. मोठी, भरलेली पुटकुळी आणि भोवतीचं पान हिरवंगार असेल तर ४. दोनपर्यंत झाड प्रतिकारक धरतात. तापमानाची नोंद मात्र चुकवू नका. खोडाच्या तांबेऱ्याला अडवणारा एसआर६ हा जनुक थंडाव्यात चोख काम करतो आणि पारा २५च्या वर गेला की ढिला पडतो.

आता माझी चूक सांगतो, कारण ती अजून सलते. सुरुवातीच्या वर्षांत एक ओळ अगदी निर्मळ होती, शेजारच्या ओळीवर थोड्या पुटकुळ्या होत्या. मी निर्मळ ठेवली, शेजारची उपटून टाकली. काही हंगामांनी रोगाचा नवा प्रकार आला आणि माझी लाडकी ओळ बुडख्यापासून शेंड्यापर्यंत लाल झाली. तिची सगळी भिस्त एकाच मोठ्या, म्हणजे एकट्याने रोग अडवणाऱ्या, जनुकावर होती. जगभर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. राय या गव्हासारख्या धान्यातून गव्हात आणलेला एसआर३१ हा जनुक कितीतरी वाणांना राखत होता. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा खोडाचा तांबेरा सापडला. तोच यूजी९९.

म्हणून मी सावकाश रोग वाढू देणारी झाडं शोधतो. त्यांच्यावर पुटकुळ्या येतात, पण उशिरा, थोड्या आणि लहान. हा गुण लहान, म्हणजे थोडाथोडा परिणाम करणाऱ्या, जनुकांतून येतो. एलआर३४ हा त्यातला माझा सगळ्यात विश्वासाचा. तो पानाच्या, पिवळ्या आणि खोडाच्या अशा तिन्ही तांबेऱ्यांना आवर घालतो, शिवाय भुरीलाही. ओंबीखालच्या पहिल्या पानाचं टोक वाळल्यासारखं पिवळं पडतं, ही त्याची खूण. एसआर२ हा असाच दुसरा जनुक असेल तर तुसांवर आणि ओंबीखालच्या दांड्यावर काळपट झाक येते. नवखे लोक याला रोग समजून झाड काढून टाकतात. तसं करू नका. खुणा हवामानाप्रमाणे कमीजास्त दिसतात, तेव्हा शक्य असेल तिथे डीएनए मार्करने, म्हणजे जनुक ओळखण्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, खात्री करा.

शेतातली तीव्रता सुधारित कॉब मोजपट्टीने लिहा. तिच्यात १०० म्हणजे पानाचा प्रत्यक्ष ३७ टक्के भाग पुटकुळ्यांनी झाकलेला. हे माहीत नसलं की माणूस सगळे आकडे कमी लिहितो. एकदाच पाहून भागत नाही. सात ते दहा दिवसांच्या अंतराने निदान तीनदा पाहा, म्हणजे रोग धावतोय की रांगतोय ते कळतं.

मग रोपांची आणि शेताची अशा दोन्ही वह्या शेजारी ठेवा. रोपावर ३ किंवा ४, आणि त्याच रोगप्रकाराखाली मोठ्या झाडावर, शेजारची बळी पडणारी ओळ ८०-९० ला पोचली तरी जेमतेम १० ते ३०: ती ओळ हेरून ठेवा. मोठा जनुक काम करत असला की त्याच्या आड हे लहान जनुक झाकले जातात, म्हणून रोपाचं बळी पडणं इथे उपयोगाचं असतं. अशा वेगवेगळ्या मूळच्या ओळींचा आपसात संकर करा. चार-पाच लहान जनुक एकत्र आले की रोग जवळजवळ जागीच थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पूर्ण लाल झाडं काढा, पण पाच-दहा पुटकुळ्यांच्या झाडाला हात लावू नका. त्याला खुणेचा दोरा बांधा आणि त्याच्या ओंब्या वेगळ्या मळा.